गरव्याच्या शेतावरचं घर

मी मुळातच भित्री. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच इतकं चिघळलं. मला पालीची भीती वाटते, गॅसच्या नळीची वाटते, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची वाटते. लिफ्टची तर इतकी की कल्याणला नणंदेकडे गेलो की मी पाच मजले पायी चढते. आणि नशिबाने नवरा मिळाला तो लिफ्ट दुरुस्त करणारा. सुयोग चारचौघांत सांगतो, "आमच्या कुणालीला भीती वाटली नाही असा दिवस कॅलेंडरात लाल रंगाने छापायला पाहिजे." लोक हसतात, मीही हसते. पण त्या हसण्याचा एक तोटा असतो. खरंच घाबरण्यासारखं काही समोर आलं की कोणी आपलं ऐकत नाही.

वाशिंदला आम्ही चाळीतल्या एका खोलीत भाड्याने राहत होतो. मी, सुयोग आणि सासूबाई भागीरथी. मालकाने संक्रांतीला तिळगूळ दिला आणि त्याच हाताने सांगितलं की मेअखेर खोल्या रिकाम्या करा, चाळ पाडायची आहे. सुयोग म्हणाला, आता दुसरं भाडं नको, आता आपलंच घर. त्याचं लहानपण सहा भाड्याच्या खोल्यांत गेलं होतं. आपलं घर म्हणताना त्याचा आवाज बदलायचा. अट एकच होती, घर तळमजल्यावर हवं. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. दोन पायऱ्या चढल्या की त्या भिंत धरून उभ्या राहायच्या आणि कोणी बघत नाही ना ते बघायच्या.

फेब्रुवारीत हितेशने फ्लॅट दाखवला. हितेश म्हणजे माझ्या मावशीच्या दिराचा मुलगा, वाशिंदला फ्लॅटची दलाली करतो. स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं, नदीच्या अंगाला नवी चार मजली इमारत, 'हिरवाई हाइट्स'. तळमजला, वन बीएचके, मागच्या बाजूला शेत आणि वारा. सासूबाईंनी आत पाऊल टाकलं, एका खोलीतून दुसरीत कशाचाही आधार न घेता चालत गेल्या आणि परत आल्या. सुयोगने माझ्याकडे बघितलं. त्याच संध्याकाळी टोकन दिलं.

जमीन आधी कोणाची होती, तिथे काय होतं, यातलं एक अक्षर आम्ही विचारलं नाही. परक्या दलालाला शंभर प्रश्न विचारले असते. पण हितेश घरातला मुलगा, माझ्या लग्नात वाढपाला उभा राहिलेला. त्याला खोदून विचारायचं म्हणजे मावशीच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. आमच्याकडे असं कोणी करत नाही.

माझे वडील, आबा, किन्हवलीला एकटेच असतात. नाव राघो, पण गावात सगळे आबाच म्हणतात. आई गेल्यापासून मी त्यांना रोज साडेसातला फोन करते. कारखान्यातून आले, भाताचा कुकर लावला की फोन. त्या दिवसांत फोनवर घराशिवाय दुसरा विषय नव्हता. आबा, आज बँकेने परत पगाराच्या पावत्या मागितल्या. आबा, आज ओट्याचा काळा दगड पसंत केला. आबा, सुयोगने टीव्हीच्या भिंतीचं माप घेतलं, टीव्ही अजून घ्यायचाय. ते पलीकडून "हां, हां, बेस" करायचे. मला वाटायचं, आईनंतर पहिल्यांदाच त्यांना काहीतरी चांगलं ऐकायला मिळतंय.

मार्चच्या पहिल्या रविवारी ते स्वतः फ्लॅट बघायला आले. धुवट सदरा, टोपी, आणि पिशवीत आमच्यासाठी वालाच्या शेंगा. हितेश चावी घेऊन हजर होता. आबांनी चप्पल दाराबाहेर काढली, फ्लॅटमध्ये अजून सिमेंटचा कचरा पडलेला असताना. भिंतीवर हात फिरवला, खिडकी उघडून बघितली. मग न्हाणीघरात गेले आणि तिथे बराच वेळ उभे राहिले. मी डोकावले तर ते खाली मोरीच्या भोकाकडे बघत होते.

नंतर ते इमारतीच्या मागे गेले. कुंपणाच्या भिंतीला लागून करंजाचं जुनं झाड आहे. झाडाच्या फांद्यांत चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि गवताचे पुंजके अडकलेले होते. मी मनात म्हटलं, काय ही घाण, सोसायटी झाली की काढून घ्यायला सांगू. आबा झाडाखाली मान वर करून उभे होते. मग त्यांनी भिंतीपलीकडच्या शेताकडे बघितलं आणि हितेशला विचारलं, "इथं भात कंचा लावाचे रे?"

हितेश हसला. "काका, आता इथं टाइल्स लावल्यात. भात विसरा."

आबाही हसले, पण नुसत्या ओठांनी. मला ते हसू माहीत आहे. आईचे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांसमोर ते तसंच हसले होते. 

सुयोगने उत्साहाने विचारलं, "मग, कसं वाटलं घर?"

"बरा हाय, जावयबापू," आबा म्हणाले. "घर बरा हाय." आणि टोपी काढून परत घातली.

त्या दिवसापासून फोन उलटा झाला. आधी मी सांगायचे आणि ते ऐकायचे. आता ते विचारायला लागले. पहिल्या दिवशी विचारलं, "दार आत उघडतं का भाईर?" मी म्हटलं आत. "हां," म्हणाले. दुसऱ्या दिवशी, "खिडकीला जाळी हाय ती निघते का पक्की हाय?" मी म्हटलं पक्की आहे, चोराचिलटाला बरी.  मग एकदा, "वरच्या माल्यावर कोन ऱ्हायाला येनार, वलख झाली का?" आणि एकदा, मी कुकरची शिटी मोजत असताना, "इहीनबाई झोपतान तो पलंग लोखंडी हाय का लाकडी?"

"लोखंडी. का हो आबा?"

"काय नाय गो. सहज."

आबा सहज काही विचारत नाहीत. त्यांनी आयुष्यात मला सहज विचारलेले प्रश्न एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मी फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. दार आत उघडतं, जाळी निघत नाही, पलंग लोखंडी. हे सगळे तुकडे एकत्र जुळवायचे नाहीत असं मी ठरवलं. भित्र्या माणसाला जुळवाजुळव करायची सवय असते, म्हणून मुद्दाम जुळवलं नाही. पण रात्री डोळे मिटले की ते आपोआप जुळायचे. सासूबाई त्या पलंगावर झोपलेल्या दिसायच्या आणि दार आतल्या बाजूला उघडत नसायचं.

सुयोगला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हातारा माणूस, लेकीची काळजी करतो. दाराचं विचारणार नाही तर काय शेअर बाजाराचं विचारेल?"

"तुम्ही एकदा आबांना नीट विचारा ना, घराबद्दल."

"विचारलं की. तुझ्यासमोरच म्हणाले, बरं आहे."

 म्हणाले होते खरे.

गुरुवारी माझी सुट्टी असते. सासूबाईंना बाजाराचं सांगून मी एकटीच रिक्षाने इमारतीवर गेले. सकाळचे अकरा असतील, वॉचमन सोडून कोणी नव्हतं. मागे भिंतीपलीकडे एक बाई वालाच्या शेंगा तोडत होती. भिंतीला एका जागी फट होती, तिच्यातून मी पलीकडे गेले. पायाखालची माती काळी आणि ओली होती. मार्च महिना, कुठे मोट नाही, पाइप नाही, आणि वाल कमरेएवढा माजलेला. मी शेतकऱ्याची मुलगी, कारखान्यात खोकी भरत असले म्हणून काय झालं. ज्या शेतातली ओल होळीपर्यंत टिकते, ते शेत कसलं असतं हे मला न सांगता कळायला हवं होतं.

बाईचं नाव बाळी. डोळखांबकडच्या पाड्यातून दर वर्षी इथे मजुरीला येते, वीसेक वर्षं तरी. मी तिला आबांचाच प्रश्न विचारला. इथे भात कोणता लावायचे?

"गरवा," ती लगेच म्हणाली. "दुसरा लावशील तर कुजंल."

आमच्याकडे उंचावरच्या शेतात हळवं भात लावतात. पाणी लवकर हटतं, म्हणून लवकर पिकणारं. आणि सगळ्यात खालच्या शेतात, जिथे चारी बाजूंचं पाणी येऊन बसतं आणि दिवाळीपर्यंत हलत नाही, तिथे लावतात गरवं. गाव बदललं, मालक बदलला, तरी शेताचा हा गुण बदलत नाही. आबांनी हितेशला भाताचं नाव विचारलं नव्हतं. पाणी कुठे येतं ते विचारलं होतं.

"आणि ती बिल्डिंग?" मी विचारलं.

"ती बी गरव्यातच. ह्याच्यापेक्षा खोल होता तो तुकडा. त्यांनी मुरूम टाकला."

मी करंजाकडे बोट दाखवलं. म्हटलं, हा कचरा वाऱ्याने येतो का?

बाळीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शहरातली असावी. "वारा गवताच्या पेंढ्या बांधून फांदीवर ठेवतो काय? पानी आलतं ना. पानी गेला, ह्ये ऱ्हायला."

मी झाडाखाली गेले आणि हात वर केला. पुंजक्यांपर्यंत हात पोचला नाही. चप्पल काढून टाचा उंचावल्या, तरी नाही. मग मी वळून फ्लॅटच्या खिडकीकडे बघितलं, आमच्या न निघणाऱ्या जाळीच्या खिडकीकडे. मुरमाचा भराव धरूनही ते पुंजके खिडकीच्या वरच्या कडेच्या बरोबरीत होते.  मी तिथेच बांधावर बसले आणि बाळीने मला तिच्या बाटलीतलं पाणी दिलं.

संध्याकाळी साडेसातची वाट न बघता मी फोन लावला. "आबा, ते गरव्याचं शेत आहे."

 "तुला कोनी सांगितला?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग बोलला का नाही?"

"जावयबापू काय बोलतान?"

"ते माझं ऐकत नाहीत. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"मी नाय सांगनार, कुनाली."

मला रडू फुटलं. मग त्यांनी मला रंभाआत्याची गोष्ट सांगितली. आत्या मला माहीत होती, गोष्ट माहीत नव्हती. आत्याच्या सासरी विहीर खोदायला घेतली होती आणि माझे आजोबा सहज बोलून गेले, इथे पाणी लागायचं नाही. नाहीच लागलं. आत्याच्या सासऱ्यांनी तो अपमान धरून ठेवला आणि नऊ वर्षं तिला माहेरी पाठवलं नाही. आजी वारली तेव्हाही नाही. "बाबा खोटा बोलला असता तर माफ क्येला असता त्यांनी," आबा म्हणाले. "खरा बोलला, म्हनून नाय क्येला. लेकीच्या घरात बापानी बोट दाखवाचा नसतो. तू तुज्या मानसाशी बोल."

मी माझ्या माणसाशी बोलले. भाताचं सांगितलं, झाडाचं सांगितलं. सुयोगने हितेशला फोन लावून स्पीकरवर टाकला. हितेश शांतपणे म्हणाला, "अहो भावजी, तो एकदाच आलेला मोठा पूर. त्यानंतर चार फूट भराव केलाय. बँक कर्ज देते ना? बँक काय वेडी आहे? आणि कुणालीताईला तर... तुम्हाला माहीतच आहे." दोघेही हसले. सासूबाई पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. त्यांनी नव्या घराच्या खिडकीत तुळस कुठे ठेवायची हे ठरवून टाकलं होतं.

फोन ठेवल्यावर सुयोग मला म्हणाला, "कुणाली, आईकडे बघ. तिला वर्षभरात आपण कुठे बाहेर नेलंय का? तुझ्या भीतीपायी मी तिला तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवू?"

त्याचं चुकत नव्हतं. हेच तर वाईट होतं. माझ्या पारड्यात पाणी होतं, आणि त्याच्या पारड्यात त्याची आई चालत होती. आणि माझ्या बाजूने बोलणारी मी, जी पाल बघून स्टुलावर चढते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शहापूरला रजिस्ट्रेशन ठरलं. त्या आठ दिवसांत मला नीट जेवण गेलं नाही. कारखान्यात दोनदा खोक्यांवर चुकीचे स्टिकर लावले. आबांना रोज फोन करत होते, पण दोघंही हवापाण्याचं बोलायचो. सुयोगने त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं, मोठ्या प्रेमाने. "पहिलं घर, सासऱ्यांची सही हवीच." आबा "येतो" म्हणाले होते. मला वाटलं, निदान तिथे तरी बोलतील. शेवटच्या क्षणी का होईना, बोलतीलच.

ऑफिसमध्ये गर्दी होती. बिल्डरचा माणूस फाइल घेऊन, हितेश इस्त्रीच्या शर्टात, आम्ही नवराबायको, आणि बाकावर आबा, हात गुडघ्यांवर ठेवून. सासूबाई बाहेर रिक्षात बसल्या होत्या, पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन. आमच्या आधी तीन नंबर होते. मी आबांकडे बघत होते. ते समोरच्या भिंतीवरचा दरपत्रकाचा बोर्ड वाचत होते. त्यांना एवढं लहान अक्षर दिसत नाही.

हितेश आला. "काका, आधार द्या, झेरॉक्स जोडायची."

आबांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, मग पिशवी. "आधार घरी ऱ्हायला वाटतं," ते म्हणाले.

"घरी? काल फोन करून सांगितलं होतं की!"

"इसरलो."

हितेशच्या कपाळावर आठ्या पडल्या. सुयोगही वैतागला, पण सासऱ्यांपुढे काही बोलला नाही. बिल्डरचा माणूस म्हणाला, "टेन्शन नाही, बाहेर चहावाला सुरज आहे, रोज सह्या करतो तो साक्षीदार म्हणून. दोन मिनिटांत आणतो." आणि गेलासुद्धा.

मी आबांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिक लावलेल्या कार्डाचा कोपरा मला स्पष्ट दिसत होता. आबांनी त्यावर हात ठेवला. 

तेव्हा मला कळलं की त्यांना जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं होतं. याच्यापुढे ते जाणार नाहीत. चहावाला येईल, सही होईल, आबा पेढा खातील, किन्हवलीला परत जातील आणि दर पावसाळ्यात साडेसातच्या फोनची वाट बघत बसतील. आमचा नंबर पुकारला गेला. सुयोग उठला. मला इतकी भीती वाटली की कानात दडे बसले. सगळ्या ऑफिससमोर नवऱ्याला अडवायची भीती, हितेशची, मावशीची, बाहेर रिक्षात बसलेल्या सासूबाईंची. आणि या सगळ्यांच्या वर ते पाणी.

मी आबांच्या खिशात हात घातला आणि आधार कार्ड काढून सुयोगच्या हातात दिलं.

"हे काय?" तो म्हणाला.

"आबांचं आधार. विसरले नाहीत. त्यांच्याजवळच होतं." माझा आवाज चिरकला. "माझ्या बापाने कधी कोणाला साध्या गोष्टीतही फसवलं नाही. आज तुमच्यासमोर खोटं बोलले. का बोलले ते त्यांना विचारा. मी सांगून उपयोग नाही आणि ते आपणहून सांगणार नाहीत. तुम्ही विचारा."

हितेश मध्ये पडला, "ताई, नंबर जाईल आपला." सुयोगने त्याला हाताने थांबवलं. तो कार्डाकडे बघत होता, मग आबांकडे. आबांची मान खाली गेली होती. पोराच्या वयाच्या माणसांसमोर त्यांची चोरी मी उघडी पाडली होती, आणि ते मला अजूनही बोचतं.

सुयोग त्यांच्यासमोर खाली बसला. "आबा, तुम्ही का सही करत नाही?"

"जावयबापू, तुमी इचारता म्हनून सांगतो," आबा म्हणाले. जणू इतके दिवस ते एवढ्याच वाक्याची वाट बघत होते. "पानी दारातून येल म्हनून तुमी दाराकडं बघाल. पन त्ये पयलं मोरीतून येतं. झोपेत कळत नाय. पाय खाली टाकता तवा घोट्याला लागतं, आनि दार आत उघडतं. दोन हात पानी असला की आत उघडनारा दार वढवत नाय. जाळी निघत नाय. तुमी दोघं तरुन हाव, काय तरी कराल. लोखंडी पलंग लाकडासारखा तरंगत बी नाय. इहीनबाई पलंगावरून उठून बसंपर्यंत..." ते थांबले. "वरसाला येल असा नाय. धा वरसांत एकदा येल. पन कंच्या वरसी, त्ये कोन सांगंल?"

 सुयोग लिफ्टच्या खड्ड्यात काम करणारा माणूस. बंद जागा, न उघडणारं दार, याचा अर्थ त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होता. हे माझ्या इतक्या दिवसांत लक्षात आलं नव्हतं. तो उठला आणि बिल्डरच्या माणसाला म्हणाला, "फाइल परत द्या."

पुढे जे व्हायचं ते झालं. टोकन बुडालं. हितेश सगळ्यांसमोर मला नको ते बोलला आणि मावशीने माझा नंबर ब्लॉक केला, तो आजही तसाच आहे. सासूबाईंनी पेढ्यांचा डबा रिक्षावाल्याला दिला.

मेमध्ये आम्ही स्टेशनजवळच्या जुन्या इमारतीत एक खोली-किचन घेतलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाई पहिल्या दिवशी पायऱ्यांवर बसून, हाताने एकेक पायरी मागे सरकत वर चढल्या. सुयोग पूर्ण वेळ त्यांच्या खालच्या पायरीवर उभा होता. त्यानंतर त्या एकदाच खाली उतरल्या आहेत, दवाखान्यासाठी. दिवसभर खिडकीत बसतात. मी त्यांना वाचवलं असं लोक म्हणतात. त्यांच्या पाठीकडे बघताना मला तसं वाटत नाही.

'हिरवाई हाइट्स'मधला तो फ्लॅट चार दिवसांत विकला गेला. कोणी घेतला ते मी मुद्दाम विचारलं नाही. पण वाशिंद केवढंसं. मेच्या शेवटी पडद्याचं कापड घ्यायला दुकानात गेले तर शेजारी एक बाई हॉलच्या खिडकीचं माप सांगत होती. ते माप मला पाठ होतं. कडेवर एक पोर, दुसरं फ्रॉक धरून उभं. मी विचारलं, कुठे राहता? तिने इमारतीचं नाव सांगितलं. तळमजला, गेल्या आठवड्यात राहायला आलो. नाव राही. मुरबाडकडची, नवरा गोदामात.

 कापड हातात धरून मी उभी राहिले. गप्प राहिले तर पोरांकडे बघवणार नाही, आणि बोलले तर एका बाईचं नवं घर तिच्या डोळ्यांदेखत मोडायचं. आबांनी महिनाभर काय सोसलं असेल ते मला त्या दुकानात कळलं. शेवटी मी बोलले. अडखळत, पण सगळं. शेत, झाड, मोरी, आत उघडणारं दार, आम्ही तो फ्लॅट सोडून दुसरं घर घेतलं ते.

राहीने मला पूर्ण बोलू दिलं. मग पोराला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "म्हाईत हाय ताई. मागं काम करते त्या बाईनी पयल्याच दिवशी सांगितला. म्हनून तर स्वस्तात भेटला. वरचा मजला आमाला कुठला परवडतोय?"

मी हातातलं कापड परत दुकानदारापुढे ठेवलं.

"तुमी घेतलाव तो वरचा हाय का?" तिने विचारलं.

"दुसरा. स्टेशनजवळ."

"मंग नंबर द्या तुमचा. आमचा मालक रातपाळीला असतो. पानी चढाला लागला तर मी ह्या दोघांना घेऊन तुमच्याकडं येन. सासरे बी हायत, डोळ्यांनी दिसत नाय त्यांना. चौघांना व्हईल ना जागा?"

"होईल," मी म्हटलं.

मी नंबर सांगितला. तिने तो टाकला, माझं नाव विचारलं नाही. नावाच्या जागी 'दुसरा मजला' असं लिहिलं, फोन ब्लाऊजमध्ये ठेवला आणि कापडाच्या भावावरून दुकानदाराशी भांडायला लागली.